पैशाला अधिवासाचा दाखला लागत नाही

उच्च शिक्षणातील प्रवेशाचा विषय निघाला की ‘आमच्या राज्यातील जागा आमच्याच मुलांना’ ही घोषणा सर्वप्रथम कानी पडते. टाळ्या मिळवण्यास ती सोपी, म्हणून बहुतेक पक्षांच्या व्यासपीठांवर तिला मानाचे स्थान आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तन्वी बहल खटल्याचा निकाल दिला. पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमांत राज्याच्या वाट्याच्या जागा केवळ वास्तव्याच्या आधारावर राखून ठेवणे हा राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाचा भंग होय, असे त्यात सांगितले गेले. या निकालाकडे ‘स्थानिक विरुद्ध परके’ एवढ्याच नजरेने पाहणे म्हणजे प्रश्नाचे मर्म दृष्टीआड करणे होय. वास्तव्याची अट या देशात कोणाला अडवते आणि कोणाला सोडून देते, हा खरा प्रश्न आहे.

या वादाचा उगमच मुळी पैशात आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला डी. पी. जोशी खटला इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा होता. तेथे मध्य भारत राज्यातील रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती आणि बाहेरून आलेल्यांना ती भरावी लागे. जन्मस्थान आणि वास्तव्य या भिन्न गोष्टी आहेत, असे म्हणून बहुमताने ती सवलत वैध ठरवली. पुढे १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने प्रादेशिक मागासलेपण ध्यानात घेऊन एम.बी.बी.एस.साठी मर्यादित प्रमाणात वास्तव्याची अट मान्य केली आणि पदव्युत्तर पातळीवर ती नाकारली. म्हणजे २०२५ चा निकाल चार दशकांपूर्वीच्याच तत्त्वाचा पुनरुच्चार आहे.

वास्तव्याच्या बाजूने होणारा एक युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. गडचिरोलीला, नंदुरबारला, मराठवाड्याच्या दुष्काळी तालुक्यांना डॉक्टर हवेत. राज्याच्या तिजोरीतून शिकलेला डॉक्टर राज्यातील रुग्णांच्या कामी यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु अधिवासाचा दाखला ही हमी देतो काय? हा दाखला विद्यार्थी काल कोठे राहत होता एवढेच सांगतो. तो उद्या कोठे काम करील याविषयी त्यात अवाक्षर नाही. दाखल्याच्या लेखी दक्षिण मुंबईतील शल्यविशारदाचा मुलगा आणि भामरागडच्या आदिवासी शेतमजुराची मुलगी दोघेही सारखेच ‘महाराष्ट्राचे’. उद्याच्या सेवेची हमी देणारे साधन म्हणजे बंधपत्र. ते शासनाच्या हाती होते. परंतु शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्यांना कित्येक वर्षे दहा लाख रुपये भरून ग्रामीण सेवेतून सुटण्याची वाट मोकळी ठेवण्यात आली. ज्याच्या घरी दहा लाख आहेत त्याला गडचिरोली टळली. ज्याच्या घरी नाहीत तो गेला. कर्तव्यालाही दरपत्रक लावणारे शासन स्थानिकांच्या हिताच्या गप्पा मारते, याला काय म्हणावे?

आता दुसरे दार पाहा. महाराष्ट्रात १९८३ पासून वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दारे उघडली गेली आणि शिक्षणसम्राटांचा एक नवा वर्ग उदयाला आला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा झाला. पैसा मात्र नवी नावे धारण करून आत येतच राहिला. २००५ च्या पी. ए. इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना पंधरा टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभा दिली. ‘अनिवासी’ या शब्दाचा अर्थच येथे न राहणारा! ज्याचे येथे वास्तव्य नाही, त्याच्यासाठी राखीव जागा. आणि तिची पात्रता म्हणजे भारी शुल्क भरण्याची ऐपत. ऑगस्ट २०२४ मध्ये पंजाब सरकारने तर काका, मामा, आजी-आजोबा, चुलत भावंडे अशा दूरच्या नात्यांनाही या कोट्यात ओढले. उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक असल्याचे सुनावून सरकारचे अपील फेटाळले. एकूण काय, परदेशातील चुलत्याच्या पारपत्रावर प्रवेश मिळवण्यापर्यंत धनिकांची मजल गेली होती, आणि एक निर्वाचित सरकार त्यांची वकिली करीत होते.

याच शासनयंत्रणेपुढे गरीब विद्यार्थी उभा राहिला की तिची स्मरणशक्ती एकाएकी तीक्ष्ण होते. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जातीच्या दाखल्यासाठी तर पूर्वजांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० चे, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० चे, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ चे आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ चे. भटक्यांनी स्थिर वास्तव्याचा पुरावा आणावा, या मागणीतील क्रौर्य सचिवालयातील कोणाच्या ध्यानी आले नसेल काय? ज्यांच्या पालांना गावाने गावकुसाबाहेरही फार दिवस टिकू दिले नाही, ज्यांपैकी कित्येकांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ पर्यंत पोलिसांच्या हजेरीपटावर ठेवले, त्यांच्या नातवंडांना आज विचारले जाते की १९६१ साली तुमचे आजोबा कोठे राहत होते? सातबारा नाही, घरपट्टी नाही, शाळेचा दाखला नाही. पुरावा असावा अशी स्थितीच समाजाने निर्माण होऊ दिली नाही, आणि आता पुरावा नाही म्हणून हक्क नाही!

ऊसतोडणी कामगारांची गोष्ट निराळी नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लक्षावधी हात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. त्यांच्या मुलांची निम्मी शाळा फडात आणि निम्मी गावात होते. त्या मुलांतून एखादी मुलगी पदवीधर होऊन एम.ए.ला किंवा एम.एस्सी.ला पोहोचली तर त्या जिद्दीला नमस्कार केला पाहिजे. आपण मात्र तिला तहसील कचेरी, सेतू केंद्र आणि जात पडताळणी समिती यांच्या फेऱ्यांत अडकवतो. त्या फेऱ्यांत बुडालेली आईबापांची मजुरी कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

दाखले मिळाले तरी साहाय्य हाती पडते काय? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासूनची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ती आकाराला आली. अनुसूचित जातींसाठीच्या या केंद्रीय योजनेचे २०२१ मध्ये नवे नियम आले, तेव्हाही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपयेच ठेवण्यात आली. त्याच केंद्र सरकारने २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांचे आरक्षण आणले, तेव्हा आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला दुर्बल मानले होते. दलित कुटुंब अडीच लाखांच्या वर एक रुपया गेले की शिष्यवृत्तीला अपात्र, आणि इतरांची दुर्बलता आठ लाखांपर्यंत अबाधित! संशोधकांची अवस्थाही हीच. नेट परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती २०२३ मध्ये दरमहा ३७ हजार रुपये झाली. त्याच वेळी केंद्रीय विद्यापीठांतील बिगर-नेट पीएच.डी. विद्यार्थी मात्र आठ हजारांवरच राहिला. २०१५ मध्ये तर तेही बंद करण्याचा घाट घातला गेला होता. विद्यार्थी दिल्लीत अनुदान आयोगाच्या दारात ठाण मांडून बसले म्हणून ते वाचले.

एक जुने उदाहरण येथे आठवते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी मुंबईत राहणाऱ्या तरुण भीमरावांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ते बडोदा संस्थानाचे रहिवासी नव्हते. बडोद्याने त्यांच्याकडून मागितली ती दहा वर्षांच्या सेवेची हमी. अट भविष्याविषयी होती, भूतकाळाविषयी नव्हती. १९१७ मध्ये ती अट पाळण्यास ते बडोद्यास आले, तेव्हा त्या शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी विश्रामधामातूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले. जात ज्या देशात माणसाला राहूच देत नाही, त्या देशात ‘तू कोठे राहत होतास’ हा प्रश्न निष्पाप असू शकत नाही.

‘दाखले सैल केले तर बोगस लाभार्थी शिरतील’ असा आक्षेप येईल. बोगस शिरतात ते आजच शिरतात, आणि ते दाखले विकत घेण्याची ऐपत असलेल्यांतून शिरतात. कागदांचा डोंगर गरिबाला अडवतो. लबाडाला तो दलालाच्या खांद्यावरून सहज ओलांडता येतो.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. विमुक्त-भटक्यांना आणि स्थलांतरित श्रमिकांच्या मुलांना वास्तव्याच्या पुराव्याच्या सक्तीतून मुक्त करावे. शंका असल्यास चौकशीचा भार शासनाने उचलावा. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी एक पैसाही घेतला जाऊ नये. शासन आणि महाविद्यालय यांनी आपला हिशेब आपसांत करावा. निर्वाहभत्ता महागाई निर्देशांकाशी जोडावा आणि उत्पन्नमर्यादेतील अडीच लाख-आठ लाख हा पंक्तिप्रपंच संपवावा. सार्वजनिक खर्चाने शिकणाऱ्या प्रत्येकाने मागास भागात सेवा द्यावी. पैसे भरून सुटण्याची वाट कायमची बंद व्हावी. आणि अनिवासी कोटा मुळासकट रद्द व्हावा.

आपल्याही काही कार्यकर्त्यांना भूमिपुत्रांच्या घोषणेचा मोह पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी एवढाच विचार करावा की मुंबईच्या गिरण्या चालवणारे हात कोकणातून, घाटावरून आणि उत्तर प्रदेशातूनही आले होते, आणि संपाच्या वेळी त्यांच्यात रहिवासाचा भेद कोणी केला असेल तर तो मालकांनी. येत्या प्रवेशहंगामात प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी कार्यकर्त्यांनी विद्यार्थी साहाय्य केंद्र उघडावे, अडलेल्या दाखल्यांची आणि न आलेल्या शिष्यवृत्त्यांची यादी करावी आणि ती घेऊन तहसील कचेरीवर जावे. परप्रांतीय विद्यार्थ्याने मराठी मुलाची जागा खाल्ली, असे ज्यांना वाटते त्यांनी ती यादी एकदा वाचावी. जागा कोणी खाल्ली, ते तिच्या प्रत्येक ओळीत लिहिलेले असेल.