फेटिया स्टेजवर, बाई फडात

दोस्तांनो, मी गोदीत माल उचलणारा माणूस. बायकांच्या कपड्यांवर लिहीन असं वाटलं नव्हतं. पण या हिवाळ्यात गावाकडं गेलो. दौंडला रेल्वेतून उतरलो, एस.टी. धरून शिरूरच्या बाजूला आलो. शाळेचं गॅदरिंग होतं. दहा-बारा पोरी लाल घागरे घालून नाचत होत्या. भाड्याचे ड्रेस, वर चिकटवलेले प्लास्टिकचे आरसे. माईकवाला म्हणाला, आता लमाणी नृत्य. टाळ्या, शिट्ट्या.

तिथनं हाकेच्या अंतरावर उसाचा फड. तिथं खरी लमाणी बाई. उचल घेऊन मराठवाड्यातनं नवऱ्यासंगं आलेली. अंगावर विटकी साडी, वर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट. उसाचं पातं कातडी सोलतं म्हणून. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात बाई अख्खी धरलीच नाही! विचारलं, मावशी, तुमचा फेटिया कुठाय? म्हणाली, "आईचा हाय, तांड्यावर पेटीत. त्यो घालून मोळ्या कोण वाहील?"

फेटिया म्हणजे घागरा. वर कांचळी, पाठीवर नाड्यांनी बांधायची. आरशाला भोक नसतं. त्याच्यावरनं आडवे-उभे टाके टाकून त्याला जखडायचं, मग कडेनं दोरा गुंफत जायचं. जोडीला कवड्या. हे काम डोळे खातं.

बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य वाहणारी ही जमात. रेल्वे आली, धंदा बसला. दौंड जंक्शन त्याच रेल्वेचं. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, पुढं बंजाऱ्यांच्या टोळ्यांवरही लागला. लांबून ओळखू येणारा पोशाख अशा वेळी अंगावरची पाटीच. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. संशय गेला का?

१९२७ ला महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायकांना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका. आपल्या आज्यांनी ऐकलं. म्हणून आपल्यातलेच काही म्हणतात, लमाणी बाईनंही फेटिया फेकावा. मला पटत नाही. दुसऱ्यानं लादलेली खूण फेकायचीच. पण हे आरसे तिनं स्वतःच्या हातानं टाकलेत. घालायचे की पेटीत ठेवायचे, ते ती ठरवील. तुम्ही-आम्ही कोण?

पलीकडं कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ ला हंपीत जी-२० च्या पाहुण्यांपुढं लंबाणी वस्तू मांडून गिनेस विक्रम झाला. चांगलं झालं. हुन्नर आहे, कौतुक व्हायलाच पाहिजे. पण कौतुकानं चूल पेटत नाही. टाका घालणारीला कारागिराची मजुरी द्या. कोयत्यातला तिचा अर्धा वाटा तिच्या नावावर, तिच्या हातात द्या.

आणि गॅदरिंगवाल्यांनो, त्या बाईची पोरगी कुंपणाबाहेर उभी होती. कडेवर धाकटा भाऊ. तुमचा लमाणी नाच बघत होती. आधी तिचं नाव हजेरीपटावर घ्या. मग वाजवा टाळ्या.