पुस्तकांशी गट्टी : बापाच्या पैशावरचं दुःख

दोस्तांनो, या आठवड्यात मोताळ्याच्या एकाच घरातून दोन पत्रं आली, तीही एकाच पाकिटात! दोन्ही भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'विषयी. ताईला कादंबरी फार आवडली. अकरावीतला भाऊ मात्र चिडलाय. लिहितो, "घरी भरपूर शेती. वडील पैसे पाठवतात, हा पुण्याच्या होस्टेलात उधळतो, नापास होतो अन् वर दुःखी! आमच्या बाबांना मी कापसाचे पैसे मोजताना बघितलंय."

राग खरा आहे, बरं का! नेमाडे तुमच्या शेजारच्याच जळगाव जिल्ह्यातले, सांगवीचे. १९६३ साली 'कोसला' आली तेव्हा ते अवघे २५ वर्षांचे होते. तेव्हाही वाचकांत दोन तट पडले. पु. ल. देशपांडे यांनी कौतुक केलं; काहींना तिची बोलीतली, तुटक भाषाच रुचली नाही. (छोट्या दोस्तांनी थोडं थांबावं, ही दहावीनंतर वाचायची कादंबरी.)

पण मित्रा, पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, ती पानं तू घाईत तर उलटली नाहीस ना? घरचा पैसा तिला वाचवू शकत नाही. आणि आपण पैसे उडवले, हे पांडुरंग लपवतो कुठे? सगळा हिशेब तो आपणहून तुझ्यापुढे मांडतो. म्हणून मला तो आवडतो. वडिलांशी वागतो ते मात्र मलाही पटत नाही.

आणि ताई, तुझ्या चार पानी पत्रात त्या वडिलांविषयी एक ओळही नाही. असं का गं?