श्रावणाच्या कावडीला दुसरा खांदा

घरातील दीर्घकालीन रुग्णाच्या शुश्रूषेचा विषय निघाला की आपल्याकडे श्रावणबाळाचे नाव आल्यावाचून राहत नाही. सांताक्रूझच्या पूर्वेस, वाकोल्यात, आमच्या थोरल्या बंधूंच्या बिऱ्हाडी मागल्या महिन्यात असाच प्रसंग घडला. आमची आई नऊ वर्षे कंपवाताने, म्हणजे ज्याला डॉक्टर मंडळी पार्किन्सन म्हणतात त्या व्याधीने, आजारी आहे. तिच्या आंघोळीसाठी आणि दिवसाच्या देखभालीसाठी वहिनींनी ब्युरोतून बारा तासांच्या ड्युटीवर एक मावशी लावली. समाचारास आलेल्या एका वडीलधाऱ्या आप्तांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता उद्गार काढले, "श्रावणाने आईबापांची कावड भाड्याच्या माणसाच्या खांद्यावर दिली नव्हती, सूनबाई." वहिनी काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्या आईच्या चार वाजताच्या गोळीसाठी पाणी घेऊन आल्या. त्यांनी जे उत्तर दिले नाही ते देणे मला प्राप्त आहे.

पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळासह मांडला पाहिजे, कारण तो मांडणारी माणसे दुष्ट नसतात. बहुधा त्यांनी स्वतः कोणाची तरी उशाशी बसून सेवा केलेली असते. त्यांचे म्हणणे असे की, रुग्णाला औषधाइतकीच आपल्या माणसाच्या हाताची गरज असते; परक्याचा हात कितीही शिकलेला असला तरी त्यात माया नसते; पूर्वीच्या एकत्र कुटुंबात हे सारे विनातक्रार होत असे; आणि सेवेचा मोबदला ठरला की तिच्यातील पुण्य संपून ती मजुरी होते. म्हणून जो बाहेरची मदत मागतो तो आपले कर्तव्य टाळतो. या कैफियतीतील पहिले वाक्य मला मान्य आहे. त्यापुढचे एकही मान्य नाही.

ज्या कथेचा दाखला आपण उठल्यासुटल्या देतो ती कथा शेवटपर्यंत ऐकण्याची सवय मात्र आपण ठेवलेली नाही. श्रावणाचे आईबाप अंध होते, त्यांना तहान लागली, त्याने कावड खाली ठेवली आणि तो पाण्यावर गेला; घडा बुडाल्याच्या आवाजावर दशरथाने बाण सोडला. पुत्र पाण्याकाठी गतप्राण झाला आणि रानात एकटी राहिलेली ती दोघे त्याच्या मागोमाग गेली. कथेतील दोष दशरथाच्या माथी जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु तीन जीवांचा भार ज्या एका खांद्यावर होता त्याला जोड म्हणून दुसरा खांदा त्या रानात नव्हता, हेही त्याच कथेत स्वच्छ लिहिलेले आहे. आमच्या घरावर आजवर बाण आला नाही. पण वहिनींची कंबर दोनदा धरली, एकदा त्यांना डेंग्यू झाला, आणि त्यांचे वडील गेले तेव्हा बाराव्यापर्यंतही त्यांना माहेरी राहता आले नाही. त्या त्या वेळी आईची दशा काय झाली ती मी पाहिली आहे. महाराष्ट्र शासनाने ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनास श्रावणबाळाचेच नाव दिले आहे. जेथे पुत्राचा खांदा नाही तेथे तो राज्याने द्यावा, ही कबुली त्या नावातच अंतर्भूत आहे. मग जेथे खांदा आहे पण तो मोडत चालला आहे, तेथे राज्याने आणि शेजाराने काय करावे, एवढाच प्रश्न उरतो.

एकत्र कुटुंबाबद्दल फार लिहावेसे वाटत नाही, तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या कुटुंबात आजाऱ्याची मोरी, अंथरूण आणि रात्रीचे जागरण कोणाकडे असे? बहुतेक घरांत ते बालविधवा आत्येकडे किंवा नि:संतान काकूकडे असे. जिला पोटाला दोन घास आणि मागल्या दाराची एक खोली याखेरीज जगात दुसरा आसरा नव्हता तिच्याकडे. ती तक्रार करीत नसे याचे कारण तक्रार रुजू करण्यास तिला दप्तर नव्हते. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा या स्त्रियांना मागल्या खोलीतून बाहेर पडण्याची वाट मिळाली. त्याच विद्यापीठाचे एक आवार आज आमच्या सांताक्रूझच्या पश्चिमेस जुहूच्या वाटेवर उभे आहे, आणि दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिका तेथे तयार होतात. जिला घराने बिनमोल राबवले तिच्याच घरच्या नाती-पणतींना देखभालीची ती विद्या पदवी म्हणून मिळते, यात मला समाजाची अधोगती दिसत नाही.

मोबदल्याने सेवा विटाळते हा आक्षेप मात्र खोलवर रुजलेला आहे, आणि त्याची पाळेमुळे तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी धाडले, तेव्हा प्रतिष्ठित घरातील स्त्रीने परक्या रुग्णाला हात लावावा आणि वर वेतन घ्यावे ही कल्पना त्या काळच्या समाजाला पचणारी नव्हती. आज आपल्यापैकी कोणीही परिचारिकेच्या पगारामुळे तिची सेवा हिणकस मानीत नाही. मग तीच सेवा इस्पितळाच्या खाटेवरून घरातल्या पलंगावर आली की तिचे मोल अकस्मात शून्य का व्हावे? केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची जी पाहणी केली तीत घरातील माणसांची बिनमोल देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्या कामी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देतात असे आढळले. स्वयंपाकपाणी आणि झाडलोट यांचा हिशेब वेगळा. आमच्या घरी हा आकडा वाचून वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, आंघोळीलाच तास जातो."

हे काम निव्वळ मायेने होत नाही, याचा एक पुरावा मी डोळ्यांनी पाहिला आहे. कंपवाताच्या रुग्णाचे पाय दाराच्या चौकटीत येऊन जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. मन चालायला सांगत असते, पाय ऐकत नाहीत. आईला स्वयंपाकघरातून खोलीत यायला दहा-दहा मिनिटे लागत, आणि आम्ही पुत्र मंडळी मोठ्या प्रेमाने तिचा हात धरून तिला पुढे ओढीत असू, ज्याने ती पडण्याचीच भीती अधिक. एका दिवाळीत वहिनींच्या ध्यानात आले की उंबऱ्यापाशी काढलेली रांगोळी आई न अडखळता ओलांडून गेली. रेघ मोडू नये म्हणून तिने पाऊल उचलले आणि ते उचलले गेले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी दारापासून पलंगापर्यंत फरशीवर हातभर अंतराने पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. आई त्या एकेक ओलांडत चालू लागली. पुढे डॉक्टरांनी सांगितले की जमिनीवरील रेघांचा हा उपाय वैद्यकशास्त्रात मान्य आहे आणि रुग्णांना तो शिकवण्यात येतो. तोच प्रकार गोळीचा. लेव्होडोपाची गोळी डाळ-दूध-अंड्याच्या जेवणाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही, म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी. आणि वेळ चुकली की पुढचे तास-दोन तास अंग लाकडासारखे. हे सारे वहिनी चुकत-माकत शिकल्या. मुंबईत २००१ पासून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे हेच ज्ञान एका दुपारी मिळाले असते. परंतु घरचे दुखणे वेशीवर टांगू नये या आमच्याच कुळशिरस्त्यापायी आम्ही चार वर्षे कोणाला विचारले नाही.

आता ज्या माणसाभोवती हा सारा वाद चालतो त्याच्याकडे वळतो. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मावशी लावावी की न लावावी याचा आम्ही दोघा भावांनी आणि त्या आप्तांनी खल केला, आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या आईला कोणीही विचारले नाही. अखेर तिनेच वहिनींना जवळ बोलावले. या व्याधीत आवाज खोल जातो, म्हणून कान तोंडाशी न्यावा लागतो. ती म्हणाली, "आंघोळ मावशीच घालू दे. तू घातलीस की मी तुझी सासू उरत नाही. तू आपली संध्याकाळी पेपर वाचून दाखव." आपल्या माणसाचा हात हवा हे पूर्वपक्षाचे म्हणणे मी आरंभीच मान्य केले होते; पण तो हात कोणत्या कामासाठी हवा आणि कोणत्या कामासाठी नको, हे ठरवण्याचा मुखत्यार रुग्ण स्वतः आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीची विधिक्षमता दिली आहे, आणि दिव्यांगत्वाचे प्रकार पूर्वीच्या ७ वरून २१ केले आहेत. त्यांत पार्किन्सनही आहे. पेपर वाचणाऱ्या वहिनी आणि आंघोळ घालणारी मावशी या दोघी मिळूनच आमच्या आईची शुश्रूषा पुरी होते.

याच अधिनियमाने आणखी एक गोष्ट केली आहे, जी आमच्या आप्तांच्या कानी घालायची राहून गेली. मोबदला घेऊन असो वा न घेता, जो दिव्यांगाची देखभाल करतो तो 'काळजीवाहक', आणि त्यात आईबाप व घरची माणसे येतात, अशी व्याख्या त्यात आहे. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. परंतु ती शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. उलट २००७ च्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली तेव्हा तीत प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाचे न्यायाधिकरण आले, दरमहा १०,००० रुपयांपर्यंतचा हुकूम आला, वसुली आली. पुत्राने द्यायचे तेथे हुकूम, आणि राज्याने द्यायचे तेथे क्षमता! तो भत्ता आमच्या घरापर्यंत पोहोचलेला नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बंधू, पहारेकरी आणि शेजारचा मुलगा यांनी तीन मजले उतरवले, आणि संबंधित डॉक्टर रजेवर असल्याने तसेच वर चढवले. ज्या इमारतीस उद्वाहक नाही तेथे दाखला देणाऱ्याने घरी यावे, ही मागणी अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

म्हणून माझे मंडन थोडक्यात असे: काळजीवाहक भत्ता क्षमतेवर न ठेवता हक्क म्हणून द्यावा, वॉर्डातल्या प्रत्येक पालिका रुग्णालयात, आमच्या सांताक्रूझच्या देसाई रुग्णालयापासून आरंभ करून, घरच्या माणसांना शुश्रूषा शिकवण्याचा एक दिवस मुक्रर असावा, आणि वहिनींसारखीला वर्षातून चार दिवस सुटी मिळावी म्हणून रुग्णाला तेवढे दिवस ठेवून घेणारी जागा शहरात असावी. यातील शेवटचे होईपर्यंत घरच्या पुरुषांनी वाट पाहत बसू नये.

आमच्या मावशी पश्चिमेहून येतात, आणि जुलैत मिलन सबवेत पाणी भरले की त्यांचा खाडा होतो, म्हणून वहिनींची सुटी जूनच्या पहिल्या आठवड्यात धरली आहे. नऊ वर्षांत प्रथमच त्या चार रात्री माहेरी राहणार आहेत. त्या दिवसांच्या पाळ्यांचा तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर डकवला असून सकाळी सहाच्या गोळीपुढे माझे नाव आहे, रात्रीच्या दहाच्या गोळीपुढे बंधूंचे. आणि संध्याकाळच्या पेपरापुढे कोणाचे नाव घालावे ते आईने अद्याप सांगितलेले नाही.