युद्धपटांतले हरवलेले घर

हिंदी युद्धपटात घर असते, पण बहुधा ते पत्रात असते किंवा नायकाच्या आठवणीत. ‘बॉर्डर’ (१९९७) हे याचे ठळक उदाहरण. लोंगेवालाच्या रात्रीआधी आई, पत्नी, वाग्दत्त वधू पडद्यावर येतात, त्या जवानाचे मरण अधिक हळवे व्हावे म्हणून. शेवटी बातमी घरी पोचते, रडणे होते आणि चित्रपट संपतो. पुढे त्या घरात रेशन कोण आणते, निवृत्तिवेतनासाठी किती खेटे पडतात, याची चौकशी दिग्दर्शकाला करावीशी वाटत नाही. आमचा आक्षेप आहे तो याला.

‘प्रेक्षकाला रणांगणच हवे असते’ हा बचाव आम्हांस मान्य नाही. सत्यजित राय यांच्या ‘अशनी संकेत’मध्ये (१९७३) रणांगण नाहीच. बंगालच्या एका खेड्यावरून विमाने जातात, माणसे कुतूहलाने वर पाहतात आणि इकडे तांदळाचा भाव चढत राहतो. १९४३च्या दुष्काळाशी युद्धाचे नाते दाखवायला राय यांना तोफ लागत नाही. डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये (१९४८) युद्ध संपलेले आहे, उरली आहे ती बेकारी आणि सायकल सोडवण्यासाठी गहाण पडलेल्या घरातल्या चादरी.

हे आम्ही नागपूरच्या संदर्भात लिहितो, त्यालाही कारण आहे. सीमा इथून दूर असली तरी युद्ध दूर नाही. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे, अंबाझरीला आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी, पुलगावला दारूगोळ्याचे भांडार. पुलगावला ३१ मे २०१६ रोजी आग लागली, तेव्हा ती विझवायला गेलेली माणसे मेली. जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले. दोन्ही दिवशी देशात युद्ध पुकारलेले नव्हते. तरीही हे मृत्यू युद्धाच्याच खात्यावर मांडले पाहिजेत. डबा घेऊन कामावर गेलेल्या या माणसांवरचा युद्धपट आमच्या तरी पाहण्यात नाही.

यात जवानाचा अवमान आहे असे कुणी म्हणेल. अवमान होतो तो त्याचे घर केवळ अश्रूंपुरते वापरल्याने. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी पुढचा युद्धपट पाहताना एवढेच तपासावे: यातल्या कुणाला धान्याचा भाव ठाऊक आहे का? नसेल, तर त्या चित्रपटाने युद्धाचा निम्मा भाग पाहिलेलाच नाही.