आधी हंडा, मग सिंक!

पहिला घसघशीत बोनस हातात पडला की काही जण गोव्याचं बुकिंग करतात आणि काही जण गावच्या घराचं किचन करायला घेतात. दुसऱ्या गटातल्यांनो, आजचा कॉलम खास तुमच्यासाठी. (गोवावाल्यांनीही वाचा. कधीतरी फ्लॅटचं पझेशन मिळेलच!)

किचन करताना आपला सगळा जीव अडकतो टाइल्समध्ये. मग ट्रॉल्यांचा रंग, मग चिमणी. सिंकची आठवण होते ती शेवटी, सुतार दारात उभा राहून ‘मॅडम, सिंक आणलं का?’ असं विचारतो तेव्हा. मग धावतपळत दुकान गाठायचं आणि चकाचक दिसेल ते उचलायचं. ते कपाटात बसत नाही, मग कपाटाच्या फळ्या कापायच्या. प्लाय कापला की कडा उघड्या पडतात, तिथून पाणी मुरतं आणि दोन पावसाळ्यांत कपाट फुगतं.

माझी एक मैत्रीण ठाण्यात नोकरी करते. गाव वांगणी, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातलं. गावच्या घरावर आता स्लॅब पडलाय, स्लॅबवर काळी टाकी बसलीय. पण भांडी घासणं अजून मोरीतच, उकिडवं बसून. आईचे गुडघे कुरकुरायला लागले, तसं हिने ठरवलं की आता उभा ओटा, खाली कपाट आणि झकास सिंक. गावच्या सुताराने 24 इंचांचं कपाट करूनही ठेवलं. मग एका शनिवारी आम्ही तिघी ठाण्यातल्या दुकानात गेलो. मैत्रिणीला पहिल्या नजरेत आवडलं ते 24 बाय 18 चं, दहा इंच खोल, ग्रॅनाइटच्या खालून बसवायचं सिंक. सोबत ओढून बाहेर काढता येणारा शॉवरवाला नळ. दिसायला एकदम सही!

आता जरा गणित करू. कपाट 24 इंचांचं म्हणजे बाहेरून 24. दोन्ही बाजूंना 18 मिलिमीटरचा प्लाय. म्हणजे आत उरले जेमतेम साडेबावीस इंच. त्यात खालून बसवायचं 24 इंचांचं सिंक कसं मावणार? त्याला क्लिपांसाठीही दोन्हीकडे जागा लागते. म्हणून साधा फंडा लक्षात ठेवा: सिंकच्या बाहेरच्या मापापेक्षा कपाट किमान तीन इंच मोठं हवं. वरून बसवायच्या सिंकची कड दगडावर टेकते, त्यामुळे तिथे थोडी सूट मिळते. आणि खोक्यावर छापलेलं माप बहुतेक वेळा कडेसकट असतं. आतल्या भांड्याचं माप वेगळं विचारायचं, नाहीतर स्वतः टेप लावायची.

आम्ही दोघी टेप घेऊन भांडत असताना आईने शांतपणे दुकानदाराला विचारलं, “भाऊ, यात माझा हंडा बसंल का?”

तिथे आमची खरी खरेदी सुरू झाली. सिंक निवडायचं ते घरातल्या सगळ्यात मोठ्या भांड्यावरून. कुणाकडे ते कुकर असेल, कुणाकडे परात, कुणाकडे बिर्याणीचा टोप. आईचा हंडा पोटाशी 14 इंच. तो आत आडवा-उभा फिरला पाहिजे, आणि नळाखाली उभा राहून भरलाही पाहिजे. म्हणजे सिंकच्या तळापासून नळाच्या तोंडापर्यंत निदान 18 इंच अंतर हवं.

मग खोली किती? दहा इंच खोल सिंकमध्ये पाणी बाहेर उडत नाही, हे खरं. पण घासणारे हात ओट्यावर नसतात, तळाशी असतात. ओटा 33 इंचांचा, सिंक दहाचं, म्हणजे तळ आला 23 इंचांवर. जेमतेम पाच फूट उंचीच्या आईला रोज तिथवर वाकायला लावलं, तर गुडघ्यांचं दुखणं कंबरेत गेलं एवढंच! आठ इंच पुरे.

खोलीचा हिशेब भिंतीशीही असतो. सिंकखाली कपलिंग येतं, त्याखाली बॉटल ट्रॅप, आणि मग पाइप भिंतीत शिरतो. या सगळ्यात सहज सहा इंच जातात. 23 इंचांवर तळ असेल तर भिंतीतलं भोक 17 इंचांच्या खाली हवं. ते आधीच वीसवर पाडलेलं असेल तर पाणी चढ चढून जाणार नाही. ते सिंकमध्येच तुंबणार. गावी हे पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळीला जातं, म्हणून उतार बाहेरपर्यंत नीट काढून घ्यायचा.

आता नळ. तो शॉवरवाला नळ नीट चालायला साधारण एक बार दाब लागतो. एक बार म्हणजे पाण्याची दहा मीटर उंची. वांगणीच्या घरात टाकी थेट स्लॅबवर, नळापासून फार तर अडीच मीटर वर. म्हणजे पाव बार! त्यात शॉवर म्हणजे नुसती ठिबक. टॉप फ्लोअरच्या फ्लॅटवाल्यांनो, तुमच्या डोक्यावरच टाकी असेल तर तुमचीही गत हीच. अशा ठिकाणी भिंतीतून येणारा, लांब मानेचा, डावी-उजवीकडे फिरणारा साधा पितळी नळ बेस्ट. शिवाय ओट्याची खोली 24 इंच, सिंक 18 चं, पुढे अडीच इंच सोडले तर मागे उरले साडेतीन. तिथे उभा मिक्सर बसेल, पण त्याची दांडी मागे भिंतीला लागते का ते बघावं लागतं. भिंतीतल्या नळाला ही भानगड नाही. फक्त त्याची उंची टाइल्स लावायच्या आधी प्लंबरला सांगायची. नंतर सांगितली तर टाइल फोडावी लागते.

आणि एक गोष्ट कॅटलॉगमध्ये कधीच नसते: नळाला पाणी किती महिने येतं? मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण 2014 मध्ये पूर्ण झालं, ते मोखाडा तालुक्यात. आपल्या मुंबईच्या नळाला जे पाणी येतं, त्यातलं काही तिथलं. आणि त्याच भागातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. घरोघरी नळ देणारी जलजीवन मिशन योजना 2019 मध्ये जाहीर झाली, पण तोटी बसली म्हणजे मे महिन्यात तिला पाणी असेलच असं नाही. म्हणून आईने सिंकच्या बाजूला दीड फूट ओटा रिकामा ठेवायला सांगितला. उन्हाळ्यात तिथे तोटीचं पिंप ठेवायचं, खाली पाट देऊन, तोटी सिंकवर येईल असं. आठ महिने नळ, चार महिने पिंप. इतकं शहाणं डिझाइन कुठल्याच शोरूममध्ये मांडलेलं नव्हतं.

राहिलं स्टील. 304 ग्रेड मागा. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, म्हणून ते गंजाला टिकतं. 202 स्वस्त, त्यात निकेल कमी. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, पण त्यावर जाऊ नका. चुंबक 304 लाही चिकटत नाही आणि 202 लाही नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. गेजचा आकडा उलटा चालतो: 18 गेज जाड, 20 गेज त्याहून पातळ. पातळ सिंकमध्ये भांडं आपटलं की ढोल वाजतो. आणि सिंकखालचं कपाट साध्या प्लायचं नको, आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या.

शेवटी आम्ही घेतलं 21 बाय 18 चं, आठ इंच खोल, वरून बसणारं सिंक आणि भिंतीतला नळ. सुताराच्या कपाटाला करवत लागली नाही. पिंपाची जागा राहिली. वाचलेल्या पैशांत जवळजवळ मरीन प्लायची फळी निघाली.

तेव्हा मंडळी, क्रम पाठ करा: आधी भांडं, मग सिंक, मग कपाट, मग ग्रॅनाइटला भोक, आणि टाइल्सच्या आधी नळाचा पॉइंट. ग्रॅनाइटवाल्याला कागदावरचं माप देऊ नका, सिंकच समोर ठेवा. आणि दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन तीन मापं काढा: कपाट आतून, मोठं भांडं पोटाशी, भिंतीतलं भोक जमिनीपासून. चौथं माप, जो रोज तिथे उभा राहणार त्याच्या कोपराची उंची. ते फोनवर विचारू नका, त्या माणसालाच दुकानात सोबत घेऊन जा.