‘घरात जेंट्स कोणी आहे का?’

आमच्या गटाच्या ओव्हनच्या दाराची आतली काच सुटली म्हणून दुरुस्ती-केंद्राला फोन केला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला तो हाच. ओव्हन कोण वापरतं, काच कशी सुटली, हे विचारावंसं त्याला वाटलं नाही. गटातल्या सहाजणी या ओव्हनवर नानकटाई आणि केक भाजून चार पैसे मिळवतात. ओव्हन किती तापलाय हे त्या नुसत्या वासावरून सांगतील. पण यंत्राबद्दल बोलायचं म्हटलं की पुरुष हवा!

माणूस आला. ‘‘ताई, तुम्ही दार आपटत असणार,’’ म्हणाला. काच वेगळी बसत नाही, अख्खं दार बदलावं लागेल, असा निकाल देऊन त्याने नव्या ओव्हनच्या जवळजवळ निम्मी किंमत सांगितली.

मैत्रिणींनो, खरी गोष्ट काय होती? ती काच पत्र्याच्या चौकटीला सिलिकोनने नुसती चिकटवलेली होती. ओव्हन रोज तापतो, रोज निवतो. काच आणि पत्रा सारखे प्रसरण पावत नाहीत. ताण मधल्या चिकटवणीवर येतो आणि काही वर्षांनी ती सुटते. यात बाईच्या आपटण्याचा काय संबंध? पण यंत्र बिघडलं की दोष वापरणारीचा, आणि चाललं की श्रेय बनवणाऱ्याचं!

आम्ही ती काच स्वतः बसवली. कशी, ते सांगते. आधी प्लग काढला, ओव्हन पूर्ण निवू दिला. काचेच्या कडा बोटाने नव्हे, उजेडात धरून तपासल्या. कडेला टवका उडालेला किंवा चरा असेल तर ती काच पुन्हा लावायची नाही. कडक केलेली काच तापल्यावर अचानक फुटून तिचे बारीक तुकडे होतात. जुनं सिलिकोन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं. ब्लेड किंवा तारेची घासणी लावली नाही. दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवला. दार आडवं ठेवून उष्णता सोसणाऱ्या सिलिकोनची बारीक रेघ ओढली. ओव्हन २५० अंशांपर्यंत तापतो, म्हणून नळीवर त्याहून जास्त तापमान छापलेलं पाहूनच ती घेतली. न्हाणीघरातलं साधं सिलिकोन किंवा झटपट चिकटणारा गोंद इथे टिकत नाही. काच बसवून वर सारखं वजन ठेवलं, २४ तास हात लावला नाही. मग खिडक्या उघडून ओव्हन एकदा रिकामाच तापवला. एका नळीच्या खर्चात काम झालं.

काच क्लिपांनी किंवा स्क्रूने बसवलेली असेल, तर चिकटवायचं कारणच नाही. आणि मायक्रोवेव्हचं दार मात्र घरी उघडू नका. त्याच्या दारावर लहरी अडवण्याची जबाबदारी असते, आणि प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज साठून राहते. कुठे हात घालायचा नाही, हे कळणं हाही ज्ञानाचाच भाग आहे.

काहीजणी म्हणतील, ‘‘म्हणजे आता दुरुस्तीही बाईच्याच गळ्यात का?’’ प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. या ओझ्यात आणखी भर घाला, असं मी म्हणत नाही. काच बाईनेच बसवावी असं नाही; पण ती कशी बसते हे तिच्यापासून लपवलं जाऊ नये. ज्याला कळतं तो किंमत ठरवतो. जिला कळू दिलं जात नाही, ती मुकाट पैसे मोजते. माजघरात चूल आली तशी मिक्सर, ओव्हनही आले. पण पाना-पेचकस मात्र पुरुषाच्याच खणात राहिला. ही विभागणी निसर्गाने केलेली नाही.

तो दुरुस्ती करणारा मुलगा आपला शत्रू नाही. सुटे भाग विकायचे नाहीत, अख्खा भागच बदलायला लावायचा, हे धोरण वरून येतं. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. घरगुती टिकाऊ वस्तू हाही तिचा विषय होता. या चर्चेत वस्तू रोज हाताळणाऱ्या बाईचा आवाज कुठे आहे? तो आपणच उठवायला हवा. सुटे भाग मिळालेच पाहिजेत. माहितीपुस्तक मराठीत हवं, आणि त्यात पाककृतींच्या आधी दार कसं उघडायचं ते हवं. बचत गटांच्या प्रशिक्षणात शिवण-मेंदीच्या जोडीला दुरुस्तीही हवी.

तोवर गटाच्या पुढच्या बैठकीला एक पेचकस घेऊन या. घरातलं बंद पडलेलं एखादं यंत्र आणा, प्लग काढून. आणि पुन्हा कोणी फोनवर तो प्रश्न विचारला तर सांगा, ‘‘यंत्र आमचं आहे. आमच्याशी बोला.’’