रसिकपणाचा मक्ता

रसिक ही पदवी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, याचे काही अलिखित नियम आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आलेले आहेत. नाट्यपदांसाठी रात्र जागवणारा रसिक; भैरवी संपेपर्यंत मांडी न मोडणारा रसिक; आणि 'आमच्या आजोबांनी बालगंधर्वांना ऐकले होते' एवढ्या वारशावर स्वतः एक तानही न ऐकता मिरवणारा, तोही रसिकच! पण कोणी पोरगा आपल्या आवडत्या रॉकवाल्यांना ऐकायला रात्रभर आगगाडीत उभा राहून मुंबई गाठतो, असे कळले की हीच मंडळी मान हलवतात आणि म्हणतात, "कशाच्या नादी लागली आहेत ही पोरे!" नाद या एका शब्दाला आपल्या भाषेने सूर आणि वेड असे दोन्ही अर्थ मोठ्या शहाणपणाने दिले आहेत. आमच्या रसिकाग्रणींनी मात्र त्यांतला सूर स्वतःकडे ठेवून घेतला आणि वेड तेवढे दुसऱ्याच्या पदरात टाकले.

या वाटणीला माझी हरकत आहे. माणूस कोणते गाणे ऐकतो यावरून त्याचे रसिकपण ठरवू नये. त्या गाण्यासाठी तो काय सोसायला तयार आहे यावरून ठरवावे. ही कसोटी एकदा मान्य केली, तर पुढच्या रांगेतल्या गादीवर बसून अधूनमधून 'वाहवा' म्हणणाऱ्या पुष्कळांची पदवी जाईल, आणि ज्यांना आपण हुल्लडबाज म्हणतो त्यांच्यातल्या पुष्कळांना ती द्यावी लागेल. कसोटी अवघड वाटते ती त्यामुळेच.

माझा एक जुना विद्यार्थी तासवड्याच्या एम. आय. डी. सी.त लेथवर काम करतो. नववीत असताना कोणाच्या तरी मोबाइलवर त्याने 'ग्रीन डे' या अमेरिकन बँडची गाणी ऐकली आणि ती त्याच्या कानांतून गेली ती गेलीच नाहीत. बिली जो आर्मस्ट्राँग, माइक डर्न्ट, ट्रे कूल ही नावे तो आमच्या गावच्या पैलवानांच्या नावांइतक्या सहजपणे घेतो. मार्च 2025 मध्ये हा बँड मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'लोलापलूझा' नावाच्या महोत्सवात पहिल्यांदाच भारतात वाजवणार, हे त्याला आधी काही महिने कळले. तेव्हापासून त्याने ओव्हरटाइम केला. कराडहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली; जनरलच्या डब्यात दाराशी उभा राहून गेला. दुपारभर उन्हात मैदानावर ताटकळला, रात्री कार्यक्रम ऐकला, स्टेशनावर पाय दुमडून पहाट केली आणि सकाळच्या कोयनेने परत आला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर! मी त्याला विचारले, "अरे, एवढ्या खटाटोपात मिळवलेस काय?" तो म्हणाला, "सर, इतकी वर्षं ती गाणी मी एकटाच ऐकत होतो. आमच्या खोलीत कोणालाच ती आवडत नाहीत. तिथं हजारो माणसं तीच गाणी एका सुरात म्हणत होती. मला वाटलं, आपण काय एकटे नाही."

यापेक्षा चांगले उत्तर मला कोणत्याही संगीतसभेच्या अध्यक्षांकडून मिळालेले नाही. आता त्याच्यावरचे आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा, की हे संगीत परके आहे. असेल! पण परकेपणाचा हा सोवळेपणा आपण नेमका कधीपासून पाळू लागलो? ज्या नाट्यसंगीताच्या आठवणींनी आमच्या वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावतात, त्याच्या साथीला पाय मारून वाजवायचा विलायती ऑर्गन होता. हार्मोनियम युरोपातून आली. ऑल इंडिया रेडिओने ती परकी म्हणून 1940 साली वर्ज्य केली आणि तीस वर्षांहून अधिक काळ ती बंदी चालवली. त्या काळात घरोघरच्या भजनी मंडळांनी पेटी फेकून दिली काय? व्हायोलिन आले, त्याला आपण मांडीवर घेतले आणि ते आपले झाले. हिंदी सिनेमातली जी गाणी आपण जुनी आणि सोज्वळ म्हणून ऐकतो, त्यांतल्या कित्येकांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या वादकांनी पाश्चात्त्य पद्धतीने बांधलेली आहे. म्हणजे गिटार आजोबांच्या कानांत शिरली तेव्हा ती चालली. नातवाच्या हातात आली तेव्हा संस्कृती बुडाली!

दुसरा आक्षेप शब्दांचा. 'त्या पोराला इंग्रजी कितीसे कळते? अर्थ न कळता डोलणे हे माकडपण नव्हे काय?' असा प्रश्न मला एका विद्वान गृहस्थांनी केला. मी त्यांना उलट विचारले, "आपण ख्याल ऐकता, त्या बंदिशीतल्या ब्रजभाषेचे किती शब्द आपल्याला लागतात?" भीमसेन जोशींनी गायिलेली कन्नड पदे ऐकून मराठी श्रोते वर्षानुवर्षे हेलावून गेले, ते सगळे काय कन्नडचे पंडित होते? शब्दाच्या अगोदर सूर पोहोचतो, हे आपल्या गाण्याबद्दल आपण अभिमानाने सांगतो. मग ते सत्य कृष्णाकोयनेच्या मुलाच्या बाबतीत खोटे कसे ठरते? शिवाय या मुलाने शब्द सोडून दिले असेही नाही. 2004 साली निघालेल्या 'अमेरिकन इडियट' या ध्वनिमुद्रिकेत इराक युद्धाच्या काळातल्या अमेरिकन सत्तेवर आणि दूरचित्रवाणीच्या भोंग्यांवर टीका आहे, हे त्याने शब्दकोश घेऊन शोधून काढले. शाळेत पाच वर्षे इंग्रजी शिकवून मला त्याच्या हातात शब्दकोश देता आला नव्हता. तो एका गिटारवाल्याने दिला.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे: या मेळ्यांतला गोंगाट, धुंदी आणि मोडतोड. इथे नेहमी पंडित रविशंकरांची साक्ष काढली जाते. ते 1967 साली मॉन्टेरीला आणि 1969 साली वुडस्टॉकला वाजवायला गेले. वुडस्टॉकला न्यूयॉर्क राज्यातल्या एका गवळ्याच्या शेतावर चार लाखांच्या आसपास माणसे जमली. पावसात, चिखलात, नशेत. पंडितजींना तो प्रकार आवडला नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. ते बरोबरच होते. गांजाच्या धुरात सतार ऐकणे हा सतारीचा अपमान आहे. पण साक्ष काढायची तर ती पुरी काढावी. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगला देशच्या निर्वासितांसाठी जो कार्यक्रम झाला, तो रविशंकरांच्याच कळकळीतून उभा राहिला आणि जॉर्ज हॅरिसनने तो घडवून आणला. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये जुळवली तेव्हाच तिथल्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट आमच्या बैठकींत हसून हसून सांगतात. हसावे, जरूर हसावे! पण त्याच अडाणी श्रोत्यांच्या तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले, हे सांगताना मात्र कथेकऱ्यांचा घसा बसतो.

मोडतोडीचेही तसेच. ऑक्टोबर 2011 मध्ये गुडगावला 'मेटॅलिका'चा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, तेव्हा चिडलेल्या जमावाने रंगमंचावर चढून नासधूस केली. ते निंद्यच. पण दोनच दिवसांनी बंगलोरला तोच बँड वाजला आणि हजारो माणसे ऐकून आपापल्या घरी गेली, ते कोणी सांगत नाही. आणि सभागृहात खुर्च्या मोडण्याची विद्या महाराष्ट्राने रॉककडून घेतली, असे म्हणण्याचे धाडस निदान नाटकवाल्यांनी तरी करू नये.

गाण्यासाठी गाव सोडून जाणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही, हेच तर मला सांगायचे आहे. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा कुठून कुठून माणसे आली! त्यांना त्या वेळचे शहाणे लोक काय म्हणत असतील? 'नाटकाच्या नादी लागलेली' असेच. पिटात बसणाऱ्या त्या माणसांच्या कानांनी नाट्यसंगीत जगले, आणि आज त्यांच्या नातवांनी पिटाकडे पाठ करून खुर्चीवरून न्याय द्यायला सुरुवात केली आहे. 17 मार्च 2007 रोजी 'आयर्न मेडन' बंगलोरच्या पॅलेस ग्राउंडवर वाजले, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले रेल्वेने तिथे गेली. कारण तोवर तसे बँड इकडे फिरकतच नसत. 1921 चा तो प्रवासी आणि 2007 चा हा प्रवासी यांच्यात मला पोशाखाखेरीज फरक दिसत नाही.

फरक आहे तो दुसरीकडे, आणि रागवायचे तर तिथे रागवावे. मी या मुलांच्या प्रवासाला वारी म्हणणार नाही. वारीला तिकीट नसते, आणि विठोबाजवळचे रिंगण दामदुपटीने विकायला कोणी काढलेले नाही. या महोत्सवांत जवळीक विकली जाते. साध्या माणसाचे कुंपण वेगळे, पैसेवाल्याचे वेगळे; एकाला ऊन, दुसऱ्याला सावली आणि बसायला आसन. जानेवारी 2025 मध्ये नव्या मुंबईत 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. त्यांची अधिकृत तिकिटेच अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. सप्टेंबर 2024 मध्ये विक्री उघडली तेव्हा एक कोटीहून अधिक माणसे संगणकाच्या रांगेत उभी होती, असे विकणाऱ्यांनीच सांगितले. आणि घटकाभरात तीच तिकिटे काळ्या बाजारात कितीतरी पट भावाने निघाली, पोलिसांची चौकशी लागली. याच बँडने 2016 साली वांद्र्याच्या मैदानावर वाजवले होते, तेव्हा समाजकार्याच्या छोट्या कामांवर गुण मिळवून पुष्कळांना प्रवेशिका मिळाल्या होत्या. म्हणजे दुसरी रीत अशक्य नव्हती. तिच्यात नफा नव्हता, एवढेच.

मजा अशी, की या लुटीबद्दल आमचे संस्कृतिरक्षक अवाक्षर काढत नाहीत. त्यांचा सगळा संताप लुटल्या गेलेल्या पोरावर! तो पोरगा पैसे उधळतो म्हणतात. ज्याने लेथवर रात्रपाळ्या करून एका संध्याकाळचे पैसे जमवले, त्याला उधळ्या म्हणायचे, आणि ज्याला कंपनीच्या खर्चाने पुढची जागा मिळाली आणि जो तिथे पाठ करून गप्पा मारत उभा राहिला, त्याला प्रतिष्ठित म्हणायचे!

आणखी एक गोष्ट या दोन्ही रसिकांच्या ध्यानात यायला हवी. मुंबईत 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा भरू लागला. त्याची पुष्कळ वर्षे धोबीतलावाजवळच्या रंगभवनात गेली. उघड्या आकाशाखाली, विद्यार्थ्याला परवडेल अशा दरात. जवळ रुग्णालये म्हणून तो टापू शांततेचा ठरला आणि तिथले गाणे थांबले. 1953 साली भीमसेन जोशींनी पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्र-रात्र चालणाऱ्या मैफलीही रात्री दहाच्या नियमाने आखडल्या. रुग्णाला झोप हवीच. नियमाशी माझे भांडण नाही. पण गावात रंगभवनासारखी स्वस्त, मोकळी जागा गेली तर तिच्या बदल्यात दुसरी मागायची असते. ती मागायला ख्यालाचा रसिक आणि रॉकचा रसिक एकत्र आले नाहीत. पहिल्याला दुसरा रसिकच वाटत नव्हता. परिणाम असा झाला, की जागा गेली आणि तिच्या ठिकाणी भाड्याचे मैदान व त्यावरचे कुंपण आले.

सगळे रॉक चांगले, असे मी म्हणत नाही. त्यात टुकार पुष्कळ आहे. तसे ते ख्यालात, नाटकात आणि दिवाळी अंकांतही आहे. पण जो मनुष्य सुरासाठी झोप, पैसा आणि दोन दिवसांचा आराम देतो, त्याला रसिकांच्या पंगतीतून उठवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मास्तरांना मी विशेषतः सांगेन: वर्गातला पोरगा बाकावर बोटांनी ठेका धरतो तेव्हा छडी उगारण्याआधी तो कशाचा ठेका आहे हे विचारा. आणि संगीतसभांच्या चिटणिसांना सांगेन: तुमच्या मांडवात तरुण श्रोते नाहीत म्हणून दरवर्षी गळा काढण्यापेक्षा, जे तरुण रात्रीची गाडी धरून दुसऱ्या मांडवात जातात त्यांना आधी श्रोते म्हणा. कान तयार असलेला माणूस कधी ना कधी तुमच्याही दाराशी येईल. दारातच त्याला 'नादी' म्हणून हिणवलेत, तर तो कशाला आत पाऊल टाकील?